धुरी आईची, बोल दह्याला

पत्र थोडक्यात : वाचक २४ वर्षांच्या. माहेर कऱ्हाड तालुक्यात, सासर सांगलीकडे, नवरा पुण्यात नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. छत्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, वजन २ किलो १०० ग्रॅम. घरी आल्यावर सगळं ठीक होतं. नवव्या दिवशी बाळानं दूध ओढणं सोडलं आणि पोट भराभरा उडायला लागलं. न्यूमोनिया म्हणून दहा दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. आता बाळ ३८ दिवसांचं आहे आणि बरं आहे. सासूबाई म्हणतात, ‘दही खाल्लंस, पाचव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केलीस, पंखा लावलास, म्हणून झालं. माहेरच्यांचं लक्ष नव्हतं. सव्वा महिना झाला की बाळ इकडे आणा.’ वाचकांच्या मनात वेगळंच आहे. त्यांची आई रोज अंघोळीनंतर बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची आणि नाकात कोमट खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायची. हे त्यांनी सासरी सांगितलेलं नाही, आईलाही काही बोललेल्या नाहीत. शिवाय प्रसूतीच्या दिवशी रात्री दोनला पाणी गेलं, तरी सकाळी सातपर्यंत त्यांनी कुणाला उठवलं नव्हतं. बाळ झालं रात्री दहाला. ‘चूक नक्की कुणाची? आईला सांगू का? बाळाला सासरी नेऊ का?’

तू वय लिहिलंस म्हणून सरळ ‘तू’ म्हणते. माझी धाकटी भाची तुझ्याएवढीच आहे.

चार पानांच्या पत्रात ‘चूक’ हा शब्द अकरा वेळा आलाय. मी मोजला. ‘श्वास’ एकदाच आला, तोही दवाखान्यातल्या सिस्टरनं मोजला म्हणून. मला हा हिशेब थोडा उलटा करायचाय.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवलास ते फार बरं केलंस. त्यात खालून तिसऱ्या ओळीत लिहिलंय, ‘ब्लड कल्चर : नो ग्रोथ’. म्हणजे बाळाच्या रक्तातून कुठलाही जंतू वाढवता आला नाही. जंतू नव्हताच असा याचा अर्थ नाही. एवढ्याशा बाळाचं रक्त घेऊन घेऊन किती घेणार, एखादा मिलिलिटर. आणि न्यूमोनियाचा जंतू फुफ्फुसात असला तरी रक्तात सापडतोच असं नाही. विषाणू असेल तर या तपासणीत तो दिसतच नाही. नवजात बाळांच्या न्यूमोनियात हे नेहमी घडतं. उपचार होतात, बाळ घरी जातं, पण कुठल्या जंतूनं हे केलं ते कागदावर येत नाही. तेव्हा तुझ्या बाळाला अमुकच कारणानं न्यूमोनिया झाला असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, मग त्या सासूबाई असोत की तुझं रात्री जागं राहणारं मन, तो अंदाज आहे. अंदाज करायला हरकत नाही, मीही करणार आहे. पण अंदाजावर निकाल लावायचा नाही.

आधी ते रात्री दोनचं पाणी. ते तुला सगळ्यात जास्त टोचतंय, हे पत्रातल्या खाडाखोडीवरून दिसतं.

पाणमोट फुटून बराच वेळ गेला, साधारण १८ तासांच्या वर, तर धोका वाढतो हे खरं. तुझे वीस तास झाले. वाट उघडी झाली की खालच्या बाजूचे जंतू वर चढतात आणि बाळ पोटातच ते पाणी फुफ्फुसात ओढतं. ई. कोलाय, क्लेबसिएला, ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस अशी त्यांची नावं आहेत. आईला ताप असेल किंवा पाण्याला घाण वास येत असेल तर शंका जास्त. पण असा न्यूमोनिया वाट बघत बसत नाही. बहुतेक बाळं पहिल्या तीन दिवसांत आजारी पडतात, कित्येक तर पहिल्या काही तासांतच. तुझी मुलगी आठ दिवस नीट प्यायली. सातव्या दिवशी आशाताईंनी वजन केलं तेव्हा उतरलेलं वजन पुन्हा चढायला लागलं होतं, हे तूच लिहिलंयस. जन्मवाटेतून आलेले एखाद-दोन जंतू उशिरा डोकं वर काढतात. क्लॅमिडिया हा त्यातला एक. पण त्यात आधी डोळे चिकटतात, मग सुटा सुटा खोकला येतो, ताप बहुधा नसतो. तुझं वर्णन तसं नाही. म्हणून त्या पाच तासांचं ओझं तू खाली ठेव. ज्या वाचकांचे दिवस भरत आलेत त्यांनी मात्र एवढं लक्षात ठेवावं : पाणी गेलं की आधी घड्याळ बघायचं, घरातल्यांना उठवायचं आणि कळा नसल्या तरी दवाखाना गाठायचा. तिथे गेल्यावर ती वेळ डॉक्टरांना सांगायची. आणि गरोदरपणात लघवीला जळजळ होत असेल तर ‘बाईच्या जातीला असायचंच’ म्हणून अंगावर काढायचं नाही.

आता दही. दह्याची वाटी आईच्या पोटात जाते, बाळाच्या छातीत जात नाही. अंगावरच्या दुधातून ‘थंडी’ उतरत नाही. दूध आईच्या अंगाइतकंच कोमट असतं, तू आइस्क्रीम खा की झुणका. केस धुण्याचंही तेच. सासूबाईंना हे पटवायला जाऊ नकोस, दमशील.

पण एका बाबतीत त्या पूर्ण चुकलेल्या नाहीत. थंडीनं न्यूमोनिया ‘होत’ नाही, तो जंतू किंवा विषाणूनं होतो, किंवा फुफ्फुसात जाऊ नये ते गेल्यानं. तरीही कमी वजनाचं बाळ गार पडलं की ते मलूल होतं, दूध ओढायचं बंद करतं आणि ऊब टिकवायला जास्त प्राणवायू खर्च करतं. अशा बाळाला साधा जंतूही जड जातो. तुझं बाळ चार आठवडे लवकर आलं. आईच्या रक्तातली संरक्षक द्रव्यं बाळाला मिळतात ती मुख्यतः शेवटच्या आठवड्यांत, म्हणजे ती शिदोरी तिला थोडी कमीच मिळाली. अंगावर चरबीही कमी. तेव्हा कार्तिकातल्या थंडीत पंखा नको हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. त्यांना हे आवर्जून सांग, ‘डॉक्टरबाई म्हणाल्या, पंख्याचं तुमचं बरोबर होतं.’ कुणाचं एक बरोबर आहे असं म्हटलं की दुसरं ऐकून घ्यायला ते माणूस तयार होतं.

ऊब बघायची रीत सोपी आहे. आधी आपले तळहात चोळून गरम करायचे. मग एक हात बाळाच्या पोटावर, एक तळपायावर. दोन्ही उबदार तर छान. पोट उबदार आणि पाय गार, तर टोपी-मोजे घाला, छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर बाळ उघड्या छातीला लावून, वरून गोधडी घेऊन थेट डॉक्टरांकडे. निखाऱ्याची शेगडी याला पर्याय नाही.

आणि शेगडी म्हटली की आपण तुझ्या आईपाशी येतो.

धुरीनं तुझ्या बाळाला न्यूमोनिया झालाच असं मी म्हणणार नाही. पण माझ्या यादीत ती दह्याच्या कितीतरी वर आहे. नवजात बाळाची श्वासनळी अगदी बारीक असते आणि आतून नाजूक अस्तर असतं. आत आलेली घाण बाहेर ढकलायचं काम ते अस्तर करतं. धूर रोज लागला की ते सुजतं, काम सोडतं आणि जंतूंना वाट मोकळी होते. धूर ओव्याचा आहे की बिडीचा, हे फुफ्फुसाला कळत नाही. बंद खोलीत निखारे ठेवले तर विषारी वायूही साठतो. चूल, अगरबत्ती, डासांची कॉइल, मागच्या रानात पेटवलेलं पाचट, सगळं याच खात्यात जमा. तुमच्या भागात आता उसाच्या तोडी सुरू असतील. पाचट पेटवलेलं दिसलं की त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या.

तेलाचं तर मी जास्तच कडक बोलते. नाकात पाणी गेलं तर बाळ ठसकतं, शिंकतं. तेल गुळगुळीत असतं, ठसका न लागता हळूच खाली उतरतं, थेट फुफ्फुसापर्यंत. तिथे ते विरघळत नाही, पचत नाही, तसंच बसून राहतं आणि भोवती सूज येते. कानात, नाकात, बेंबीत तेल नको. टाळूला लावा, अंगाला चोळा, हवं तेवढं लाड करा.

याच घरात आणखी काय काय होतं ते तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मी थांबले. पहिले दोन दिवस दूध उतरेना म्हणून बोंडल्यानं वरचं दूध पाजलं, बाळ आडवं निजलेलं असताना. पाचवीला पूजेला घर भरलं होतं आणि आत्याबाई ‘जरा नाक गळतंय’ म्हणत बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सहाणेवर उगाळलेली घुटी सुरू होती. मला विचारशील तर माझा पहिला अंदाज आत्याबाईंच्या नाकावर जातो. मोठ्या माणसाची सर्दी ही बाळासाठी सर्दी राहत नाही. तोच विषाणू महिन्याच्या आतल्या बाळाच्या छातीत उतरू शकतो, आणि पाचवी ते नववा दिवस हे अंतरही जुळतं. यात गंमत अशी की आपल्याकडे सोयर पाळायचे. दहा दिवस बाळंतिणीच्या खोलीत कुणी जायचं नाही. त्यामागची शिवाशिव गेली ते उत्तमच झालं, पण तिच्याबरोबर दाराशी थांबायची सवयही गेली.

म्हणजे बघ, कमी वजन, लवकर जन्म, कुणाची तरी सर्दी, धूर, तेल, आडवं पाजलेलं दूध. यातल्या एकाचं नाव घेऊन बाकीच्यांना सोडून देता येत नाही. बहुतेक घरांत असंच असतं. चार-पाच गोष्टी एका आठवड्यात एका बाळावर येतात.

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तू शेवटी, जाता जाता लिहिलीस : ‘पोट उडतंय असं आईलाच आधी दिसलं, तीच म्हणाली गाडी काढा.’ अगं, मग बाळ वाचलं ते कुणामुळे?

हे बघणं म्हणजे काय ते नीट सांगते, सगळ्याच वाचकांसाठी. इतक्या लहान बाळाला न्यूमोनियात खोकला येईलच असं नाही, तापही येईल असं नाही, उलट अंग गार पडू शकतं. म्हणून आपण कफाची घरघर ऐकत बसतो आणि खरी खूण निसटते. खूण असते श्वासाच्या वेगात. बाळ शांत असताना, दूध पिऊन अर्धा तास झाला की झबलं वर करायचं आणि बेंबीच्या वरच्या भागाकडे बघायचं. पोट वर आलं की एक. मोबाइलवर टायमर लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचं नाही, कारण ही बाळं भराभर चार-पाच श्वास घेतात, क्षणभर थांबतात, पुन्हा सुरू करतात. पाच-सात सेकंदांचा तो थांबा बघून घाबरू नका. त्याहून लांबला किंवा ओठ निळे पडले तर मात्र घाबरा. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास आले तर पुन्हा एकदा मोजायचं, आणि दुसऱ्यांदाही ६० किंवा जास्त आले तर निघायचं. खालच्या बरगड्यांखाली दर श्वासाला खड्डा पडणं, नाकपुड्या फुलणं, कण्हल्यासारखा बारीक आवाज, दूध सोडणं, हलवल्याशिवाय हात-पाय न हलवणं, यांतलं काहीही एक दिसलं तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. वेगानं चालणारा प्रत्येक श्वास न्यूमोनियाच असतो असं नाही. हृदयाचा दोष असतो, जन्मल्यावर फुफ्फुसातलं पाणी सुकायला उशीर झालेला असतो. ते वेगळं करायचं काम डॉक्टरांचं.

हे फार मोठं शास्त्र नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं खेड्यातल्या बायकांनाही श्वास मोजता यावा म्हणून एक साधं यंत्र केलं होतं : मणी आणि वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुढे त्यांनी ३९ गावांत घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत तयार केल्या. १९९९ मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज तुझ्याकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई येते ना, ती पद्धत याच कामातून आली. ४२ वा दिवस तुझा अजून व्हायचाय. त्या दिवशी आईला शेजारी बसव आणि ताईंना श्वास मोजून दाखवायला सांग, तिघींनी मिळून मोजा.

हेच आईशी बोलायचं निमित्त. ‘तुझ्यामुळे झालं’ हे वाक्य बोलू नकोस. एक तर ते सिद्ध झालेलं नाही. दुसरं म्हणजे तिनं तुला वाढवताना हेच केलं होतं आणि तू ठणठणीत आहेस, तेव्हा तिला ते पटणारही नाही, फक्त लागेल. पण गप्पही बसू नकोस, कारण डबा भरून ओवा अजून कपाटात आहे. सरळ सांग, ‘आई, दवाखान्यातून आल्यापासून हिच्या छातीला धूर चालणार नाही, नाकात तेल चालणार नाही.’ मागचं काढायचं नाही, पुढचं बंद करायचं. तिला शंका असेल तर पुढच्या तपासणीला बरोबर ने आणि डॉक्टरांना तिच्यासमोर विचार. आणि हातातलं काम काढून घेतलंस तर दुसरं दे. तिला बाळ छातीशी, त्वचेला त्वचा लावून घ्यायला शिकव. आईनंच घ्यावं असं काही नाही, आजी घेऊ शकते, बाबाही. धुरीनं जी ऊब द्यायची होती ती अशी छान मिळते. घुटीचं मात्र वाईटपण तूच घे : सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीही नाही, मध तर मुळीच नाही.

सासरी काय सांगायचं? आईला त्यांच्या ताब्यात देऊ नकोस. लपवाछपवीही करू नकोस. धुरीचं विचारलंच तर ‘दोन्हीकडे देतात, तशी आम्हीही दिली, आता डॉक्टरांनी बंद केलीय’ एवढं पुरे. सासूबाईंकडेही शेगडी तयारच असणार, मला खात्री आहे. म्हणून हे बोलणं तुझ्या नवऱ्यानं करायला हवं, डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन. तो पुण्यात आहे हे कारण मला चालत नाही, फोन सगळ्यांकडे असतो.

बाळ न्यायचं का, या प्रश्नात तू ‘माहेर की सासर’ असं विचारलंस. मी वेगळं विचारते. तुझ्या झोपायच्या खोलीत चुलीचा धूर येतो का? रात्री अडीचला बाळाला दवाखान्यात न्यायचं ठरलं तर गाडी कोण काढणार, आणि ऑक्सिजनची सोय असलेला दवाखाना किती मिनिटांवर? घरात सध्या कुणाला सर्दी-खोकला आहे का? ‘बाळ धापतंय’ असं तू म्हणालीस तर लगेच उठणारं माणूस कोणत्या घरात आहे? उत्तरं लिहून काढ, नवऱ्यालाही लिहायला सांग. दिसेल ते करा. मला घाई दिसत नाही. सहा आठवड्यांच्या लसी आधी होऊ देत. त्यात न्यूमोनियाच्या एका जंतूवरची, न्यूमोकोकसची लस आहे, पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट आहे, दोन्ही सरकारी केंद्रात फुकट. त्याच खेपेला वजन करून घ्या, छाती तपासून घ्या, मग तारीख ठरवा. आणि पुन्हा दाखल करायची वेळ आलीच तर जिल्हा रुग्णालयात वर्षाच्या आतल्या बाळाचे उपचार, औषधं, गाडी हे सगळं मोफत असतं. खासगीत तुमचं किती बिल झालं ते वाचून मला वाईट वाटलं.

तुला स्वतःला सर्दी झाली तर दूध तोडू नकोस, तोंडाला मास्क बांध आणि हात धुऊन पाज. बाळ बरं झालंय, पण थोडे दिवस दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावं लागेल. पाजून झाल्यावर खांद्यावर घे, ढेकर निघाल्याशिवाय आडवं करू नकोस.

पानाच्या कडेला बारीक अक्षरात विचारलंयस, बारसं राहिलंय, करू का? कर की. लसीनंतर चार दिवसांनी, दुपारच्या उन्हात, दोन्ही आज्यांना बोलावून. धूप-उदबत्ती अंगणातल्या तुळशीपाशी. पाळण्याची दोरी त्या दोघींनीच ओढायची. नाक गळणाऱ्यांना घुगऱ्या ओसरीवरच द्यायच्या, आत्याबाईंनासुद्धा.